अध्ययन निष्पत्ती आणि रोजचा तास : वाचकांचे प्रश्न

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या ‘अध्ययन निष्पत्ती’ या विषयावर शिक्षक, पालक आणि अध्यापक विद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून बरीच पत्रे आली आहेत. विशिष्ट इयत्तेच्या अखेरीस विशिष्ट विषयात मुलाला काय करता आले पाहिजे, हे सांगणारी विधाने म्हणजे अध्ययन निष्पत्ती. प्राथमिक स्तरासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये ती तयार केली, त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत त्यांना स्थान मिळाले आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ती छापली जाऊ लागली. आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी व चौथीच्या वर्गांना शिकवते. दैनिक टाचणात (रोजच्या पाठनियोजनाच्या नोंदीत) प्रत्येक पाठासमोर अध्ययन निष्पत्तीचा क्रमांक लिहावा लागतो आणि मी तो नियमित लिहितेही. परंतु क्रमांक लिहिल्यामुळे माझ्या शिकवण्यात नेमका काय फरक पडायला हवा, हे कोणत्याही प्रशिक्षणात स्पष्ट झाले नाही. कृपया एखाद्या पाठाचे उदाहरण घेऊन सांगावे. (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : क्रमांकाने काहीच फरक पडत नाही, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्या क्रमांकातील पहिले दोन अंक इयत्ता सांगतात, मधले अंक विषय सांगतात (गणितासाठी ७१, विज्ञानासाठी ७२) आणि शेवटचे अंक विधानाचा अनुक्रम सांगतात. ती नोंदीची सोय आहे. फरक पडतो तो त्या क्रमांकापुढचे वाक्य तासाचे नियोजन करण्यापूर्वी वाचल्याने, आणि त्याहूनही अधिक, त्याच्या शेजारचा रकाना वाचल्याने. पुस्तकात निष्पत्तीच्या बाजूला ‘सुचवलेली शैक्षणिक प्रक्रिया’ असा एक रकाना असतो. मुलांना कोणती संधी दिली म्हणजे ती क्षमता येण्याची शक्यता आहे, हे तेथे लिहिलेले असते. आपल्याकडे तपासणी निष्पत्तीच्या क्रमांकाची होते. त्या संधी वर्गात दिल्या गेल्या का, हे क्वचितच विचारले जाते. माझ्या मते या संपूर्ण योजनेतील सर्वांत मोठे दुर्लक्ष येथेच झाले आहे.

तिसरीच्या गणिताचे उदाहरण घेऊ. तीन अंकी संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचा उपयोग करून दैनंदिन जीवनातील साधी उदाहरणे सोडवता येणे, अशी एक निष्पत्ती आहे. आता ५०३ मधून २६७ वजा करण्याचे उदाहरण फळ्यावर द्या आणि मुलांच्या वह्या पाहा. काही मुलांचे उत्तर २३६ येईल. पण ३६४ असे उत्तर लिहिणारी मुलेही सापडतील. ही मुले निष्काळजी नसतात. तीनातून सात जात नाहीत म्हणून त्यांनी सातातून तीन काढलेले असतात, शून्यातून सहा जात नाहीत म्हणून सहातून शून्य काढलेले असते आणि पाचातून दोन काढलेले असतात. म्हणजेच ‘मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा’ असा एक नियम त्यांनी स्वतःच तयार केला आहे आणि तो ती प्रामाणिकपणे पाळत आहेत. अशा मुलांना आणखी वीस उदाहरणे घातली, तर तोच चुकीचा नियम वीस वेळा घोटला जातो.

येथे शेजारचा रकाना उपयोगी पडतो, कारण तो प्रत्यक्ष वस्तू हाताळण्याकडे नेतो. मुलांच्या गटाला खेळातल्या शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी द्यावीत आणि त्यांतून २६७ रुपये द्यायला सांगावे. सात नाणी देता येत नाहीत, दहाची नोट एकही नाही, म्हणून शंभराची नोट आधी दहा-दहाच्या नोटांमध्ये आणि मग त्यांतील एक नोट नाण्यांमध्ये सुटी करावी लागते. हातच्याच्या वजाबाकीत दशकाच्या जागी शून्य आल्यावर जी दोन पायऱ्यांची अडचण येते, ती मूल येथे स्वतःच्या हाताने सोडवते, आणि त्यानंतर तीच कृती वहीतील आकड्यांत मांडून दाखवता येते. नोटा आणि वही यांची अशी सांगड घालणे अत्यावश्यक आहे. अन्यथा साहित्य बाजूला राहते आणि मुले पुन्हा जुन्या नियमाकडे वळतात.

तरीही निष्पत्ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही, कारण तिच्यात ‘दैनंदिन जीवनातील उदाहरणे’ असे म्हटले आहे. ‘५०३ नारळांपैकी २६७ विकले, किती उरले?’ हे उदाहरण मुले सोडवतात. ‘शाळेत ५०३ मुले आहेत, २६७ वह्या आल्या आहेत, अजून किती वह्या हव्यात?’ असे विचारले की ‘अजून’ हा शब्द पाहून अनेक मुले बेरीज करतात. उदाहरणातील परिस्थितीचे चित्र काढायला लावणे, उत्तर ५०३ पेक्षा मोठे येईल की लहान याचा अंदाज आधी विचारणे आणि मुलांनाच नवीन शाब्दिक उदाहरणे तयार करायला सांगणे, हे तीन मार्ग अशा वेळी परिणामकारक ठरतात. म्हणून टाचणात क्रमांकाखाली एवढे जरी लिहिले की, ‘आज मी शून्य असलेल्या दशकाची अडचण कोण कशी सोडवतो हे पाहणार आहे आणि त्यासाठी पाच मुलांशी बोलणार आहे’, तरी त्या टाचणाला अर्थ येईल. संपूर्ण वर्गाचे निरीक्षण एका दिवसात करण्याचा आग्रह धरू नये. आठवड्यात प्रत्येक मुलाकडे एकदा नीट लक्ष गेले तरी पुरे.

आपण पत्राच्या शेवटी विचारलेल्या एका विसंगतीबद्दलही सांगतो. २०१७ च्या दस्तऐवजात तिसरीसाठी ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन अपेक्षित आहे, तर पायाभूत वाचन-लेखन आणि संख्याज्ञानासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या लक्ष्यांत तिसरीअखेर ९९९९ पर्यंत म्हटले आहे. ही दोन विधाने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिली गेली आहेत. वर्गात निर्णय घेताना पाठ्यपुस्तक प्रमाण मानावे, मात्र तीन अंकी संख्यांतील स्थानिक किंमत पक्की झाल्याशिवाय चार अंकांकडे जाऊ नये. ज्या मुलाला ५०३ मधील शून्याचे काम कळले आहे, त्याला ५०३० समजायला फार वेळ लागत नाही.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. ती ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते आणि ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिते. शाळेच्या प्रगतिपत्रकात मात्र गणितात चांगली श्रेणी आहे. काळजी करावी का? आणि तिच्या इयत्तेत नेमके काय यायला हवे, हे पालकांनी कोठे पाहावे? (एक पालक, ठाणे)

उत्तर : काळजीपेक्षा लक्ष देण्याची गरज आहे. मराठीत विसाच्या पुढच्या संख्या बोलताना एकक आधी आणि दशक नंतर येतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘पंचवीस’ ऐकणाऱ्या मुलीने पाच आधी ऐकून पाच आधी लिहिला, यात तिचा तर्क चुकलेला नाही. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर या संख्यांमध्ये तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन त्यातून एक कमी करायचा असतो, म्हणून ‘सत्तर’ ऐकताच सात लिहिला जातो. याच अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असे पर्यायी वाचनही देण्यात आले. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांच्यावर बरीच टीका झाली. रूढ नावे मुलांना आलीच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु ती येईपर्यंत संख्येचा अर्थ अडून राहू नये, हा त्या बदलामागचा विचार मला पूर्णपणे पटतो. घरी आपण ‘साठ आणि नऊ म्हणजे एकोणसत्तर’ असे दोन्ही एकत्र म्हणावे, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडून संख्या दाखवायला सांगावी, आणि संख्या ऐकून लिहिण्याइतकेच लिहिलेली संख्या मोठ्याने वाचण्यास महत्त्व द्यावे.

श्रेणीबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीसाठी आकारिक (शिकत असताना वेळोवेळी होणाऱ्या) मूल्यमापनाला ७० आणि संकलित (सत्राच्या अखेरीस होणाऱ्या) मूल्यमापनाला ३० गुणांचा भार आहे. अनेक साधनांतून मिळालेले गुण एकत्र करून श्रेणी येते, त्यामुळे एखादी नेमकी अडचण श्रेणीत दिसत नाही. ती वर्णनात्मक नोंदीत दिसायला हवी. ‘गणितात रस घेते’ अशी नोंद असेल, तर शिक्षकांना भेटून ‘ती काय करू शकते आणि कोठे अडते’ असे नम्रपणे विचारावे. हा पालकांचा हक्क आहे आणि चांगल्या शिक्षकांना तो प्रश्न आवडतोच. इयत्तेच्या अपेक्षा पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच मिळतील. निपुण भारतच्या लक्ष्यांनुसार दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन आणि मिनिटाला सुमारे ४५ ते ६० शब्द समजपूर्वक वाचणे अपेक्षित आहे. मात्र घड्याळ लावून मुलीला रोज वाचायला बसवू नका. वेगाचा तो आकडा वाचन सहज होऊ लागल्याची खूण म्हणून दिलेला आहे. वाचून झाल्यावर ‘पुढे काय झाले असते?’ असे विचारले आणि ती बोलू लागली, तर वाचन योग्य मार्गावर आहे असे समजावे.

प्रश्न : मी सातवीला विज्ञान शिकवतो. निष्पत्तीत ‘साधे अन्वेषण करतात’ असे आहे. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, साहित्याची एक पेटी आहे. मी आम्ल व आम्लारीचे प्रयोग टेबलावर करून दाखवतो, मुले निरीक्षणे लिहितात. एवढ्याने निष्पत्ती साध्य होते का? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : दाखवलेला प्रयोग पाहणे आणि अन्वेषण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अन्वेषणात प्रश्न मुलाचा असतो, किंवा निदान उत्तर आधी माहीत नसते. सातवीच्या विज्ञानाच्या राष्ट्रीय निष्पत्तींमध्ये अन्वेषणाचे उदाहरण म्हणून रंगीत फुलांचा अर्क आम्ल-आम्लारी दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणारा पदार्थ) म्हणून वापरता येईल का, हाच प्रश्न दिला आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क, हळदीचे पाणी, लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, खाण्याचा सोडा, साबणाचे पाणी, चुन्याची निवळी आणि औषधांच्या रिकाम्या स्वच्छ बाटल्यांची झाकणे एवढ्यावर चार-चार मुलांचे गट काम करू शकतात. चुन्याची निवळी मात्र आपण स्वतः वाटावी आणि डोळ्यांपासून दूर ठेवण्याची सूचना स्पष्टपणे द्यावी.

जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवट होतो. हळद आम्लारीत लालसर होते. आम्लात मात्र ती पिवळीच राहते. या धड्याचे खरे मर्म येथे आहे. हळदीच्या पाण्यात लिंबाचा रस टाकल्यावर रंग बदलला नाही, म्हणून काही मुले ‘हा पदार्थ आम्ल आहे’ असा निष्कर्ष काढतात. अशा वेळी त्यांना लगेच दुरुस्त न करता हळदीत साधे पाणी टाकायला सांगावे. रंग तेथेही बदलत नाही. मग रंग न बदलणे हा आम्लाचा पुरावा कसा ठरेल, या प्रश्नावर गटात चर्चा होऊ द्यावी. लिंबू आणि साधे पाणी वेगळे ओळखायचे असेल तर हळदीऐवजी जास्वंद का वापरावी लागेल, हे मुले स्वतः सांगू लागतील. पुराव्याची मर्यादा ओळखणे ही विज्ञानातील फार मोलाची क्षमता आहे आणि ती टेबलावरील प्रात्यक्षिकातून सहसा येत नाही, कारण तेथे चुकीचा निष्कर्ष काढण्याची संधीच मुलांना मिळत नाही.

मुलांकडून तीन रकान्यांची नोंद करून घ्यावी : काय होईल असे वाटते, काय झाले, आणि यावरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही. शेवटच्या रकान्यातील वाक्ये वाचली की मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी घेण्याची आवश्यकता उरत नाही. आपल्या भागात मुलांना रानफुलांची आणि झाडांची उत्तम माहिती असते; पळसाच्या किंवा इतर स्थानिक फुलांचा अर्क दर्शक म्हणून चालतो का, हा प्रश्न त्यांच्यावर सोपवावा. आपल्यालाही उत्तर ठाऊक नसेल तर अधिकच चांगले.

प्रश्न : १९९० च्या दशकात आम्ही ‘किमान अध्ययन क्षमता’ राबवल्या, क्षमतानिहाय चाचण्या घेतल्या, तक्ते भरले. आताच्या निष्पत्ती त्याहून वेगळ्या आहेत का, की केवळ नाव बदलले आहे? (एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली)

उत्तर : आपल्या पिढीने केलेल्या त्या कामाची नोंद पुरेशी घेतली गेली नाही, असे मला वाटते. डॉ. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्राथमिक स्तरासाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांतील किमान अध्ययन पातळ्या, म्हणजेच आपण म्हणता त्या किमान अध्ययन क्षमता, निश्चित केल्या होत्या. कोणत्याही शाळेतील मुलाला निदान एवढे आलेच पाहिजे, हा त्यामागचा समतेचा आग्रह होता आणि तो आजही तितकाच योग्य आहे. अडचण अशी झाली की क्षमतांचे लहान लहान तुकडे पडले, प्रत्येक तुकड्याची चाचणी झाली आणि तक्ता भरला की क्षमता आली असे मानले जाऊ लागले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचण्यावर भर दिला, तो काही अंशी या तुकड्यांवरील प्रतिक्रिया म्हणूनही पाहता येतो.

२०१७ च्या निष्पत्ती आठवीपर्यंत विस्तारल्या आणि त्यांच्यासोबत शैक्षणिक प्रक्रिया दिली गेली, हा महत्त्वाचा फरक आहे. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यात अभ्यासक्रमाची ध्येये, त्यांतून क्षमता आणि क्षमतांतून निष्पत्ती अशी उतरंड मांडली आहे, आणि आपल्या राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येत आहे. कागदावरील मांडणी अधिक चांगली झाली आहे. परंतु तक्ता भरण्याचा मोह तोच आहे. आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तींनी आपल्या केंद्राच्या (जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत जाऊन, त्या काळी कोणत्या क्षमता चाचणीत आल्या पण मुलांमध्ये टिकल्या नाहीत, हे तरुण शिक्षकांना सांगावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मी अध्यापक विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहे. ‘विषयांचा समन्वय साधा’ असे आम्हांला सतत सांगितले जाते. सराव पाठात मी गणिताच्या तासाला एक गाणे घेतले, तर मार्गदर्शकांनी हा समन्वय नाही असे सांगितले. मग समन्वय कसा असतो? (एक छात्राध्यापिका, पुणे)

उत्तर : गाणे घेण्यात गैर काही नाही, पण त्या गाण्यामुळे भाषेची किंवा संगीताची कोणतीही निष्पत्ती पुढे सरकली नसेल तर तो समन्वय होत नाही. कसोटी सोपी आहे : एक विषय काढून घेतला तर दुसऱ्याचे काम अडले पाहिजे.

पावसाचे उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. सहावी-सातवीच्या मुलांपुढे हे दोन आकडे ठेवले की भूगोलाचा प्रश्न आपोआप उभा राहतो : एकाच जिल्ह्यात एवढा फरक का? सह्याद्रीची रांग, अरबी समुद्रावरून येणारे वारे आणि पर्जन्यछायेचा प्रदेश हे उत्तर नकाशावर शोधावे लागते. हे दोन आकडे एकाच स्तंभालेखात दाखवायचे तर योग्य प्रमाण निवडावे लागते. प्रमाण चुकले तर माणचा स्तंभ दिसतच नाही, आणि हे गणित आहे. पुढे, एक चौरस मीटर जागेवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मुलांनी मोजून पटवून घेतले, तर माणमधल्या वीस चौरस मीटर छपरावर वर्षाकाठी सुमारे दहा हजार लिटर पाणी पडते, हा हिशेब त्यांना स्वतः करता येतो. दुष्काळी भागातील मुलांसाठी हा आकडा केवळ गुणाकाराचे उत्तर राहत नाही. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांना पाण्याविषयी विचारायचे प्रश्न तयार करणे, त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत टिपणे आणि मग ती प्रमाण भाषेत लिहून काढणे हे भाषेचे काम झाले. येथे चारही टप्पे एकमेकांवर अवलंबून आहेत. असा समन्वय रोज साधता येत नाही आणि साधण्याची गरजही नाही. वर्षातून प्रत्येक सत्रात एखादा विषय असा नीट उभा राहिला, तरी मुलांना विषयांच्या भिंती ओलांडण्याची सवय लागते. गुणाकाराचा सराव, शुद्धलेखन, नकाशावाचन यांना स्वतंत्र वेळ द्यावाच लागतो.

प्रश्न : पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. मग वर्षभराच्या निष्पत्तींच्या नोंदींना काय अर्थ राहिला? (एक पालक, अमरावती)

उत्तर : २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना पाचवी व आठवीच्या वर्षअखेर नियमित परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यासंबंधीची कार्यपद्धती ठरवली. विद्यार्थी अनुत्तीर्ण झाल्यास त्याला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी, असे कायदा सांगतो. हे अतिरिक्त मार्गदर्शन नेमके कशाचे करायचे, हे वर्षभराच्या नोंदींशिवाय कळणार नाही. ‘गणितात नापास’ एवढ्या माहितीवर शिक्षक दोन महिन्यांत संपूर्ण पुस्तक पुन्हा शिकवू शकत नाहीत. ‘अपूर्णांकांची तुलना करताना छेद मोठा असलेला अपूर्णांक मोठा समजतो’ अशी नोंद असेल, तर दोन आठवड्यांतही खूप काही करता येते. म्हणून निकालाची वाट न पाहता, पहिल्या सत्राच्या अखेरीस शाळेत जाऊन आपल्या मुलाच्या वर्णनात्मक नोंदी पाहाव्यात आणि त्यांतील कोणत्या अडचणींवर दुसऱ्या सत्रात काम होणार आहे, हे शिक्षकांकडून समजून घ्यावे.